विकतच्या पुरवण्यांतला इतिहास

गेल्या रमजान ईदची गोष्ट. शिरखुर्मा झाला, मोठ्यांना सलाम करून झाले आणि बारावीतला माझा भाचा माझ्याजवळ येऊन बसला. मी खिशात हात घालताच म्हणाला, “मामू, यंदा रोख ईदी नको. त्याच पैशांत तुमच्या कार्डावरून एका गेमचा डीएलसी घेऊन द्या.”

“गेम तर मागच्याच वर्षी घेतला होतास ना?”

“घेतला होता. पण तो नुसता गेम आहे, मामू. हा त्यातला उरलेला.”

आतून बाजीचा आवाज आला, “अर्धं ताट वाढून उरलेल्याचे वेगळे पैसे मागणारी खानावळ शोधलीय तुझ्या भाच्याने!”

सगळे हसले. पैसे मी दिले. पण ‘उरलेला’ हा शब्द डोक्यातून जाईना. भाचा खेळतो ते गेम म्हणजे राज्य चालवण्याचे, लढाया आखण्याचे, इतिहासाच्या नकाशावरचे खेळ. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावर हाच मुलगा जांभया देतो. मात्र मांझिकर्टची लढाई १०७१ साली सेल्जुक आणि बायझंटाइन यांच्यात झाली हे त्याला तोंडपाठ आहे. बिदर आणि विजयनगर यांच्यामधल्या सरहद्दीवर बोट ठेवून तो तासभर बोलू शकतो. म्हणजे एका पिढीला मध्ययुगाची पहिली ओळख या खेळांतून होते आहे. मग त्या इतिहासातला कुठला भाग ‘मूळ’ आणि कुठला ‘उरलेला’, हे कोण ठरवतं? आणि त्याचा भाव कोण लावतं? शोध घेताना लक्षात आलं की या पुरवण्यांचाही एक इतिहास आहे. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

पेटीतला खेळ

युद्धाचा पट ही आपल्याकडची जुनी गोष्ट. भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे पोचला आणि शतरंज झाला. नवव्या शतकात अल्-अदलीने त्यावर ग्रंथ लिहिला. राजा, वजीर, हत्ती, घोडा, प्यादी हा सगळा संच एकत्रच मिळायचा. हत्ती वेगळा विकत घ्या, असं कुणी म्हटलं नाही.

पुरवणी विकण्याची रीत संगणकाच्याही आधी सुरू झाली. १९७७ साली अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने ‘स्क्वाड लीडर’ नावाचा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ काढला. मूळ पेटीत जर्मन, रशियन आणि अमेरिकन सैनिक होते. ब्रिटिश आणि फ्रेंच नंतरच्या एका पेटीत आले. १९८२ पर्यंत अशा तीन पुरवण्या निघाल्या आणि प्रत्येकीबरोबर नियम वाढत, बदलत गेले. शेवटी हा पसारा कंपनीलाच आवरेना. १९८५ मध्ये तिने नियमांचं नवं पुस्तक आणि नव्या पेट्यांची नवी मालिका काढली. आठ वर्षं पैसे घालून जमवलेल्या जुन्या संचातलं बरंच काही नव्या नियमांत कामाचं उरलं नाही. आज तरुण मुलं ज्या तक्रारी करतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार त्यांच्या आजोबांच्या वयाच्या खेळाडूंनी तेव्हाच करून ठेवली होती.

संगणकावर हे खेळ आले तेव्हा ते सीडीवर, खोक्यात मिळत. दुकानाच्या फळीवर एकदा खोकं गेलं की त्यात नंतर भर घालणं सोपं नव्हतं. त्यामुळे खेळ शक्यतो पुरा करूनच द्यावा लागे. फार तर वर्षभराने एखादी मोठी पुरवणी यायची. ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७ साली आला, त्याची रोमवरची पुरवणी १९९८ साली. दुसरा भाग १९९९ साली आला, त्याची पुरवणी २००० साली.

हा दुसरा भाग आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. त्याच्या मूळ खोक्यात १३ संस्कृती होत्या. त्यांत सारासेन म्हणजे अरब होते, तुर्क होते, इराणी होते. इतकंच नाही, तर जोन ऑफ आर्क, चंगेजखान आणि बार्बारोसा यांच्या बरोबरीने सलाहुद्दीन अय्युबीची अख्खी मोहीम होती. हत्तीनचं रण, जेरुसलेमचा वेढा, सगळं. ती कहाणी सांगायला लेखकांनी सलाहुद्दीनच्या लोकांनी पकडलेला एक फ्रँक सरदार निवडला होता. क्रूसवर आलेला शिपाई शत्रूच्या छावणीत राहतो आणि हळूहळू त्याचं मत बदलतं. अमेरिकन कंपनीने १९९९ साली केलेलं हे काम होतं आणि त्यासाठी वेगळा छदाम मोजावा लागत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

घोड्याचं चिलखत

मधल्या काळात इंटरनेट वेगवान झालं. २००३ साली ‘स्टीम’ हे ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि खेळ खोक्यातून बाहेर पडला. आता कंपनीला ग्राहकाच्या घरात कायमचा दरवाजा मिळाला. छोटीशी गोष्टही विकता येऊ लागली, कारण ती पोचवण्याचा खर्च जवळपास शून्य.

२००६ साली एका गाजलेल्या खेळात घोड्यावर चढवायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवलं गेलं. त्याने खेळात फारसा फरक पडत नव्हता. घोडा तेवढा नटलेला दिसे. खेळाडूंनी खूप टर उडवली. आजही ‘घोड्याचं चिलखत’ हा त्या जगात शिवीसारखा वापरला जाणारा शब्द आहे. पण टर उडवणाऱ्यांतल्याच अनेकांनी ते विकतही घेतलं. कंपन्यांनी चेष्टेकडे काणाडोळा केला आणि धडा विक्रीतून घेतला.

व्यूहरचनेच्या खेळांत याचा परिणाम वेगळ्या प्रकारे दिसला. ‘सिव्हिलायझेशन’ ही १९९१ पासून चालत आलेली मालिका. तिच्या २००५ सालच्या चौथ्या भागात धर्माची व्यवस्था मूळ खेळातच होती. इस्लामसह सात धर्म स्थापन करता येत, पसरवता येत. २०१० साली पाचवा भाग आला, तेव्हा त्यात धर्मच नव्हता. तो परत आला २०१२ मध्ये, ‘गॉड्स अँड किंग्ज’ नावाच्या विकतच्या पुरवणीतून. आधीच्या घरात असलेली खोली नव्या घरात बांधलीच नाही आणि दोन वर्षांनी तिचे वेगळे पैसे मागितले, अशी खेळाडूंची भावना झाली. कंपनीच्या बाजूनेही सांगण्यासारखं होतं. धर्माची ही व्यवस्था नव्याने, जास्त बारकाईने रचलेली होती. पण भावना पुसली गेली नाही.

पाहा, पण बसू नका

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीने १४ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘क्रूसेडर किंग्ज’चा दुसरा भाग बाजारात आणला. हा खेळ राज्यांपेक्षा घराण्यांचा. तुम्ही एक राजा किंवा सरदार निवडायचा, त्याची लग्नं, मुलं, कटकारस्थानं, वारसा सांभाळायचा. तो मेला की त्याच्या वारसाच्या जागी बसायचं. खेळ सुरू होतो १०६६ साली.

१०६६ चं जग डोळ्यांसमोर आणा. कैरोत फातिमी खलिफा अल्-मुस्तन्सिर. बगदादमध्ये अब्बासी खलिफा अल्-काइम, आणि त्याच्या नावाने प्रत्यक्ष सत्ता चालवणारा सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान. अंदालूसमध्ये तोलेदो, सेव्हिल अशी छोटी छोटी मुस्लिम राज्यं. त्या काळातली मोठी शहरं, बाजार, ग्रंथालयं यांतला फार मोठा हिस्सा या पट्ट्यात होता. खेळाच्या नकाशावर हे सगळे होते. त्यांच्याशी लढता येत होतं, तह करता येत होता. फक्त त्यांच्या जागी बसता येत नव्हतं. बसायचं असेल तर राजा ख्रिस्ती हवा.

चार महिन्यांनी, २६ जून २०१२ रोजी, पहिली मोठी पुरवणी आली. नाव ‘स्वॉर्ड ऑफ इस्लाम’, इस्लामची तलवार. किंमत जवळपास दहा डॉलर. ती घेतली की मुस्लिम राजे खेळता येत. नाव वाचून कपाळाला आठी पडते, पण आतलं काम वरवरचं नव्हतं. हजची यात्रा होती, रमजान होता, शिया-सुन्नी भेद होता. मुअतझिला आणि अशअरी या धर्मचिंतनातल्या दोन प्रवाहांचा उल्लेखसुद्धा होता, जो आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत सहसा सापडत नाही.

सर्वांत लक्षवेधी होती ती ऱ्हासाची व्यवस्था. घराण्यातले पुरुष जमीन-जबाबदारीशिवाय नुसते दरबारात बसून राहिले की घराण्याचा ‘ऱ्हास’ वाढायचा, सैन्य ढिलं पडायचं आणि शेवटी वाळवंटातून नव्या दमाची टोळी येऊन तख्त उलथवायची. ज्यांनी इब्न खल्दून वाचला आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या इतिहासकाराने ‘मुकद्दिमा’मध्ये हेच सूत्र सांगितलं होतं. टोळीची एकजूट, म्हणजे असबिया, राज्य मिळवून देते. शहरातल्या सुखाने ती विरघळते आणि मग दुसरी टोळी येते.

पण इथे एक मेख आहे. इब्न खल्दूनचा सिद्धांत राज्यांच्या चढउताराचा होता. खेळात मात्र ऱ्हासाचं हे ओझं फक्त मुस्लिम घराण्यांच्या गळ्यात होतं. फ्रान्सच्या राजाचे बिनकामाचे चुलतभाऊ दरबारात कितीही लोळले तरी त्याचं राज्य त्या कारणाने पोखरलं जात नव्हतं. एका मुस्लिम विचारवंताने जगाला दिलेलं सूत्र फक्त मुसलमानांचा आजार बनून पुरवणीत विकलं गेलं. इब्न खल्दूनने हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

पुढे हीच रीत झाली. जानेवारी २०१३ मध्ये व्यापारी प्रजासत्ताकं, मे २०१३ मध्ये उत्तरेकडचे मूर्तिपूजक, त्याच वर्षाअखेरीस ज्यू राजे. एकेका समाजाला एकेका पुरवणीत दार उघडत गेलं. २०१८ पर्यंत अशा १५ मोठ्या पुरवण्या झाल्या. मूळ खेळ २०१९ मध्ये फुकट करण्यात आला. पुरवण्यांना मात्र किंमत होतीच.

दख्खनची पाळी

हे फक्त मुसलमानांचं गाऱ्हाणं आहे असं कुणी समजू नये. २५ मार्च २०१४ रोजी याच खेळाची ‘राजाज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. नकाशा पूर्वेला वाढवून त्यात भारत आला. ही भर सर्वांना फुकट मिळाली. म्हणजे कल्याणीचे चालुक्य, तंजावरचे चोळ यांचा भूभाग प्रत्येकाच्या पडद्यावर आला. पण हिंदू, बौद्ध किंवा जैन राजा होऊन खेळायचं असेल तर पुरवणी विकत घ्या. तिकडे युरोपातच रमणारे खेळाडू वेगळ्याच कारणाने वैतागले. आम्हाला भारत नको होता, नकाशा मोठा झाल्याने आमचा संगणक मंदावला, अशी त्यांची तक्रार. चालुक्यांचं राज्य एकाच वेळी काहींना महाग आणि काहींना अडगळ झालं होतं.

त्याच कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा दुसरा खेळ. मूळचा १९९३ सालचा फ्रेंच पटावरचा खेळ, २००० पासून संगणकावर. त्याचा २०१३ मधला चौथा भाग ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो, वार्नाच्या लढाईत उस्मानी सुलतान मुराद दुसरा विजयी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दख्खनच्या वाचकाला ही तारीख बोलकी वाटेल. तेव्हा बिदरच्या तख्तावर अलाउद्दीन अहमदशाह बहामनी होता आणि विजयनगरात दुसरा देवराय. त्यांचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं.

या खेळात कुठल्याही राज्याला कुलूप नाही. बहामनी असो वा विजयनगर, पहिल्या दिवसापासून कुणाच्याही जागी बसा. इथे कुलूप आहे ते हत्यारांच्या पेटीला. २०१५ सालचं उदाहरण घ्या. फुकटच्या सुधारणेत प्रत्येक प्रांताला ‘विकास’ नावाचं माप लावलं गेलं. इमारती किती बांधता येतील हेही त्यावर ठरू लागलं. पण हा विकास स्वतः वाढवण्याची सोय ‘कॉमन सेन्स’ नावाच्या विकतच्या पुरवणीत होती. नियम सगळ्यांना लागू, साधन पैसे भरणाऱ्याला. खेळाडूंचा सर्वांत जास्त राग अशाच ठिकाणी असतो. ज्याने काहीच नवं घेतलं नाही, त्याचा जुना खेळही बदलून जातो.

२०१८ मध्ये भारतावरची ‘धर्म’ ही पुरवणी आली. तीत मोगल सत्तेला वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक राज्यकारभारात सामावून घेण्याची खास सोय होती. अकबराच्या धोरणाची ही जाण कौतुकाचीच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की पैसे न भरणाऱ्याच्या खेळातला मोगल हा इतरांसारखाच एक जिंकणारा राजा. त्याचं वेगळेपण पुरवणीत.

रागाची वर्षं

खेळाडूंनी हे सगळं मुकाट्याने सोसलं नाही. २०१७ मध्ये पॅराडॉक्सने काही देशांत किमती वाढवल्या. खेळाडूंनी स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पाडला आणि कंपनीला वाढ मागे घ्यावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये आलेली ‘लेव्हायथन’ ही पुरवणी इतक्या चुकांनिशी बाहेर पडली, की स्टीमवरच्या सर्वांत कमी गुण मिळालेल्या उत्पादनांत तिची गणना झाली. खेळाच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी पुरवण्या एकदम विकत न घेता महिन्याचं भाडं भरून वापरण्याची सोयही सुरू झाली होती. सगळ्या पुरवण्यांची बेरीज शेकडो डॉलरवर गेल्यावर नव्या माणसाला आत येणंच अवघड झालं होतं, त्यावरचा हा इलाज. भाडं थांबलं की पुरवण्या बंद.

‘टोटल वॉर’ मालिका काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीलाही हाच अनुभव आला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने एका पुरवणीची किंमत २५ डॉलरच्या घरात नेली. मालाच्या मानाने भाव फार, असा ओरडा झाला. डिसेंबरमध्ये कंपनीने चूक कबूल केली, त्या पुरवणीत भर घालण्याचं वचन दिलं आणि आपल्या दुसऱ्या एका नव्या खेळाची किंमत उतरवून आधीच्या ग्राहकांना फरकाचे पैसे परत केले.

याच मालिकेत आपल्या मातीची एक नोंद आहे. २००९ सालचा ‘एम्पायर’ हा भाग १७०० साली सुरू होतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनाचं आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतल्याचं हे वर्ष. औरंगजेब तेव्हा दख्खनमध्येच तळ ठोकून होता. या खेळात मराठे मूळ संचातच खेळायला मिळाले, कुठलीही पुरवणी न घेता. मोगल मात्र नकाशावर असूनही खेळता येत नव्हते. म्हणजे कुणाला तख्त द्यायचं आणि कुणाला फक्त शत्रू म्हणून उभं करायचं, हा निर्णय पुरवण्यांचा बाजार बहरण्याआधीही होतच होता. बाजाराने त्याला किंमत जोडली.

दुसरी बाजू

एवढं लिहून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. कंपन्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते मांडायला हवं.

पहिली गोष्ट, ‘क्रूसेडर किंग्ज’चा २००४ सालचा पहिला भाग. तेव्हा विकतच्या पुरवण्यांची ही चाल नव्हती. त्या खेळातही मुस्लिम राजांच्या जागी बसता येत नव्हतं, आणि पुढेही कधी आलं नाही. म्हणजे आठ वर्षांनी जे दार उघडलं, ते पुरवणीच्या पैशांनीच उघडलं. पुरवणीचा धंदा नसता, तर मुअतझिला आणि अशअरी यांच्यावर कुणी पगारी माणूस बसवला असता, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, हे खेळ दहा-दहा वर्षं दुरुस्त होत राहिले. प्रत्येक पुरवणीबरोबर फुकटची मोठी सुधारणा सगळ्यांना मिळाली. एकदा विकलेल्या खोक्यावर इतकी वर्षं माणसं राबवायची तर पगार कुठून द्यायचा?

तिसरी गोष्ट मला विशेष भावली. पॅराडॉक्सच्या खेळांत चार मित्र मिळून खेळायला बसले, तर यजमानाकडे असलेल्या पुरवण्या त्या बैठकीपुरत्या सगळ्यांना वापरता येतात. एकाने दस्तरखान अंथरलं की बाकीचे पाहुणे. भाच्याच्या टोळीत हीच पद्धत आहे. वर्गणी काढून एकाच्या खात्यावर घ्यायचं आणि त्याच्या ‘घरी’ खेळायचं. याशिवाय जगभरचे हौशी लोक स्वतः भर घालून ती फुकट वाटतात, ते वेगळंच.

तेव्हा विकत पुरवणी काढणं हाच गुन्हा, असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वाटणीला आहे. पहिल्या दिवशीच्या ताटात काय वाढायचं आणि उरलेलं म्हणून काय बाजूला ठेवायचं, हे ठरवताना युरोप आपोआप ताटात येतो. कैरो, बगदाद, बिदर, कल्याणी यांना पुढच्या पंगतीची वाट पाहावी लागते. कुणी आकसाने हे करतं, असंही नाही. बनवणारे जिथे वाढले, तिथला इतिहास त्यांना मूळ वाटतो आणि बाकीचा जास्तीचा. विद्यापीठांतले अभ्यासक्रम, संग्रहालयातली दालनं इथेही हेच घडत आलं आहे. फरक एवढाच, की तिथली वाटणी दिसत नाही. इथे प्रत्येक वगळलेल्या समाजापुढे डॉलरमधला आकडा छापलेला असतो.

बदलाची चिन्हं

यात बदल होतो आहे, हेही नोंदवायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘क्रूसेडर किंग्ज’चा तिसरा भाग आला. त्यात मुस्लिम आणि भारतीय राजे मूळ खेळातच होते. ऱ्हासाचं ते जुनं ओझंही तिथे नव्हतं. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात आख्ख्या उपखंडासाठी ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती होती. एप्रिल २०२२ मध्ये तिची हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी विभागणी झाली. नव्या तीन संस्कृती आणि बाबराची मोहीम विकत घ्यावी लागते, पण निदान भारत म्हणजे एकच एक ठोकळा नव्हे हे मान्य झालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सिव्हिलायझेशन’चा सातवा भाग आला, तेव्हा तर गंमतच झाली. मौर्य, चोळ आणि मोगल या तिन्ही सत्ता मूळ खेळात. नेत्यांच्या यादीत इब्न बतूता. आणि ग्रेट ब्रिटन? ते महिन्याभरानंतर, विकतच्या पुरवणीत. ज्या साम्राज्यावरचा सूर्य कधी मावळत नव्हता, त्याच्यावर जोडभाग होऊन रांगेत उभं राहायची वेळ आली. आपल्याकडच्या मुलांनी यावर मनमुराद हसून घेतलं.

मलाही हसू आलं, नाही असं नाही. पण जरा थांबल्यावर वाटलं, यात आनंद मानण्यासारखं काही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा खेळ ब्रिटनशिवाय जितका अपुरा, तितकाच अकराव्या शतकाचा खेळ सेल्जुक आणि फातिमींशिवाय अपुरा. ज्यांना इतकी वर्षं बगदाद पुरवणीत आहे याचं काहीच वाटलं नव्हतं, त्यांना लंडन पुरवणीत गेल्यावर मात्र खेळ अर्धवट असल्याचं जाणवलं.

भाच्याने ईदीतून घेतलेली ती पुरवणी आता जुनी झाली. परवा फोनवर म्हणाला, “मामू, बिदरला जाऊ या का? महमूद गवानचा मदरसा बघायचाय.” १४७२ साली बांधलेली ती वास्तू. एक मिनार आणि एक बाजू स्फोटात ढासळलेली, तरी उरलेल्या भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून उन्हात चमकतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं आहे. सोलापुरातून एसटी सकाळी निघते. बाजीनेही यायचं म्हटलं आहे, डबा तिचा. या वेळी ताट पूर्ण असेल, असं तिने आधीच बजावलं आहे.